परबांनी थांबायला सांगितलं होतं

मुलुंड पूर्वेला माझं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याला लागून सत्यवान परबांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पैसे हातात घेऊन गिऱ्हाईक आलं की दुकानदाराचा चेहरा खुलतो. टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन कोणी मागितलं की परबांच्या कपाळाला मात्र आठी पडायची. "मशीन ऱ्हवांदे. खेळायचं काय आहे ते आधी सांग," असं ते विचारायचे आणि उत्तर ऐकून निम्म्या लोकांना रिकाम्या हाताने परत पाठवायचे. "घाई कित्याक? थांब जरा. भाव उतरतलो." मी माझ्या काउंटरवरून ओरडायचे, "परब, अशाने तुमच्या धंद्याची वाट लागणार!" ते म्हणायचे, "तुझं बरं चाललंय ना गो? माझी पोरं स्क्रीन बघून बघून शेवटी तुझ्याकडेच येतात."

त्यांचं गणित त्यांनी मला चहा पिता पिता समजावलं होतं. कंपन्या मशीन जवळजवळ पदरमोड करून विकतात आणि कमावतात गेमवर. प्रत्येक कंपनीचे काही गेम फक्त तिच्याच मशीनवर चालायचे, म्हणून आधी गेम ठरवायचा. "मुलगी न बघता हॉल बुक करतो का कोण?" आणि मशीन जुनं झालं की कंपनी भाव उतरवायचीच. परबांनी वर्षानुवर्षं हेच पाहिलं होतं. भाव उतरला की थांबलेल्यांना ते स्वतः फोन करत. एकदा एक बाप मुलाच्या वाढदिवसासाठी हट्टाने दुसरीकडून मशीन घेऊन गेला आणि लगेचच भाव उतरला. तो ओशाळून गेम घ्यायला आला तेव्हा मी टोमणा मारला, तर परबांनी माझ्यावरच डोळे वटारले.

मग उलटंच झालं. मशीन जुनं झालं आणि कंपनीने भाव चढवला. थोड्या महिन्यांनी पुन्हा चढवला. कोणी म्हणे सुट्या भागांची टंचाई, कोणी म्हणे डॉलर. परब काउंटरवर हात ठेवून नुसते बसून राहिले. "शिळं म्हावरं ताज्यापेक्षा महाग? असा बाजार बघितलास कधी?" मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

"गो, मी थांबा म्हटलं आणि लोक थांबले ना. कंपनीला कोणाला तोंड दाखवायचं नाही. मला आहे."

आणि हा माणूस खरोखर दारोदार गेला. दुपारी शटर ओढायचं आणि ज्याला थांबवलं होतं त्याच्या घरी जायचं. फोनवर सांगा ना, असं मी म्हटलं. "भाव उतरल्याचं फोनवर सांगतात. चढल्याचं समोर बसून सांगायचं." एका घरी त्यांनी चांगल्या शिव्या खाल्ल्या. विक्रोळीच्या जाधवताईंकडे जायची मात्र त्यांची हिंमत होईना, म्हणून मला सोबत नेलं. जाधवताई घरातच पाळणाघर चालवतात. बारावीला चांगले मार्क मिळाले तर मशीन, असं त्यांनी पौर्णिमाला, म्हणजे लेकीला, कबूल केलं होतं. मार्क मिळून वर्ष झालं होतं. त्या तेव्हाच पैसे घेऊन आल्या होत्या आणि परबांनी परत पाठवलं होतं.

दार जाधवताईंनीच उघडलं. "जय भीम, परबसाहेब! उतरला ना भाव?" त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"जय भीम, ताई. चढला," परब म्हणाले. "चूक माझी. मीच तुम्हाला थांबवलं."

जाधवताईंनी आम्हाला आत घेतलं. आतल्या खोलीत कोणाचं तरी बाळ रडत होतं. मग त्या म्हणाल्या, "आता हो? पोरीला काय सांगू मी?"

परबांनी पौर्णिमालाच बोलावलं. तिला कोणता गेम खेळायचाय ते विचारलं. तिने एका बेटावर घडणाऱ्या गेमचं नाव सांगितलं. त्या एका गेमच्या जिवावर परबांनी कितीतरी मशीनं विकली होती.

"तो आता कॉम्प्युटरवर पण आलाय," परब म्हणाले. "कंपनीवाले पूर्वी फक्त स्वतःच्या मशीनवर ठेवायचे, आता त्यांना सगळीकडे विकायचंय. तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे?"

कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप होता. तो त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नीट तपासला. "चालेल. मशीन घेऊ नकोस."

"मग तुम्हाला काय मिळालं यात?" जाधवताईंनी विचारलं.

"चहा मिळेल की."

त्या दिवशी परब परतीच्या रस्त्याला माझ्याशी मोकळेपणाने बोलले. खूप दिवसांनी.

असे सगळे गेम सगळीकडे मिळू लागले, दुकानातून डिस्क आणण्याऐवजी इंटरनेटवरून घरबसल्या उतरवून घेता येऊ लागले, तसं परबांना विचारायला कोणी येईना. गेल्या वर्षी दुकान दुसऱ्याला देऊन ते दहिसरला मुलाकडे राहायला गेले. शेजारी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकानदार मुलगा चांगला आहे, पण मला करमत नाही.

परवा एक गृहस्थ माझ्या दुकानात डोकावले. मशीनसाठी आले होते. परबांनी त्यांना सांगितलं होतं, मी फोन करीन तेव्हा या. फोन काही आला नाही, म्हणून ते चौकशीला आले होते. मी सांगितलं की दुकान बंद झालं, भाव चढलाय, आणखी चढेल, तेव्हा घ्यायचं तर आत्ताच घेऊन टाका.

"नको," ते म्हणाले. "परब सांगतील तेव्हा घेतो."

ते आपला पत्ता ठेवून गेल्यावर मी परबांना फोन लावून सगळं सांगितलं.

"ह्यांच्याकडे जायचं राहिलंच गो," ते म्हणाले. "राहतात कुठे?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते बस बदलत बदलत दहिसरहून आले, माझ्याकडे पाणी प्यायले आणि त्या गृहस्थांच्या घरी गेले.