केदारनाथच्या थंडीची तालीम

निवृत्त झाल्यावर बाबांनी केदारनाथला जायचं ठरवलं. सगळा जन्म लालबागच्या चाळीत गेलेला, त्यामुळे थंडीची काहीच सवय नव्हती. "आपल्याला सोसते का, ते इथेच बघून घेऊ," ते म्हणाले.

आईची एक मैत्रीण वरळी कोळीवाड्यात मासे विकायची. तिच्या भावाकडे मासळी ठेवायची बर्फाची खोली होती. एका रविवारी आईबाबा स्वेटर, माकडटोप्या, हातमोजे घालून त्या खोलीत जाऊन बसले. मी बाहेर घड्याळ बघत उभा राहिलो.

सुरुवातीला आतून बाबांचं "ॐ नमः शिवाय" ऐकू येत होतं. मग नुसताच आईचा आवाज येऊ लागला, "अहो, पुरे झालं आता!"

पंधरा मिनिटांनी बाबा कुडकुडत बाहेर आले. दारातच एका गिऱ्हाईक बाईंनी त्यांना गाठलं.

"काका, सुरमई कशी दिली?"

"मला नाही माहीत," बाबा कसेबसे म्हणाले, "मी केदारनाथला चाललोय."

बाई दोन पावलं मागे सरकल्या.

आई पुढे आठवडाभर शिंकत होती. बाबांना साधा खोकलाही झाला नाही. त्यांनी लगेच दोघांचं आरक्षण करून टाकलं आणि आईला न विचारता तिच्यासाठी आणखी एक स्वेटर आणला.