नागपूर धरून डिझेल, नागपूर सोडून पेट्रोल: दोन गाड्या, आई आणि बस्तर

गेले काही महिने आमच्या घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी विषय गाडीवर जायचा. जुनी गाडी काढून मला हॉट हॅचबॅक घ्यायची होती. म्हणजे दिसायला साधी, बाजारहाटाची छोटी गाडी, पण पायाखालचं पेडल जरा दाबलं की अंगात वारं शिरल्यासारखी पळणारी. नवऱ्याची, म्हणजे नितीनची, त्याला काही हरकत नव्हती. भांडण होतं ते इंजिनावरून. मी टर्बो पेट्रोल म्हणायची, तो डिझेल.

दोघांचंही खरं होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. आम्ही राहतो रायपूरच्या चौबे कॉलनीत. मी सिलतऱ्याला एका स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेत काम करते. रोजचं अंतर फार नाही, पण सिग्नल, धूळ आणि ट्रकच्या मागे रांगत जाणं. नवीन डिझेल गाड्यांमध्ये धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळायला इंजिनाला अधूनमधून लांब, गरम धाव लागते, नाहीतर समोर दिवा लागतो आणि गाडी रुसून बसते. म्हणून शहरात पेट्रोल बरं. पण दर पंधरा दिवसांनी मी नागपूरला जाते, आणि त्या लांब रस्त्यावर डिझेलला तोड नाही.

नागपूरला आई असते. बाबा मालगाडीवर गार्ड होते. ते गेल्यापासून ती अजनीच्या घरात एकटी राहते. रायपूरला येऊन राहा म्हटलं तर ऐकत नाही. तेव्हा मीच जाते. खरं सांगायचं तर मला पेट्रोल घेणं म्हणजे आईकडे जाणं कमी करायचं ठरवणं, असं वाटायचं. नितीन तसं कधी म्हणाला नाही, पण हिशोब मांडताना तो पहिल्या ओळीत नागपूर लिहायचा.

मी नमुना तपासल्याशिवाय भेंडीसुद्धा घेत नाही. तेव्हा दिवाळीनंतरची सुट्टी जोडून एक बेत केला. स्वतः चालवायला भाड्याने गाड्या देणाऱ्याकडून एकाच मॉडेलच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या दोन गाड्या घेतल्या, एक टर्बो पेट्रोल आणि एक डिझेल. दोन्ही घेऊन बस्तर करायचं, जगदलपूर-चित्रकोट आणि परत. सपाट रस्ता, घाट, गाव, ट्रक, सगळं एकाच वाटेवर मिळतं. आईला बस्तर दाखवायचं कित्येक वर्षांचं राहिलं होतं, म्हणून तिलाही नागपूरहून उचलून आणलं. भाडं एका गाडीला दिवसाला अडीच हजारांच्या आसपास पडलं. तुम्ही घेणार असाल तर ताबा घेताना गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, जुन्या ओरखड्यांवरून नंतर वाद नको.

पहिल्या दिवशी पचपेढी नाक्याजवळच्या पंपावर दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. पंपावरचा माणूस दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "दीदी, दोनों तो एके जइसन हे. डीजल कौन-सी में?"

प्रश्न रास्त होता. मी पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं आणि डिझेलच्या टाकीच्या झाकणावर मोठी लाल टिकली लावली.

"गाडीले सवाशीण केलीस का वो?" आई म्हणाली.

ठरलं असं की आई कायम माझ्या शेजारी बसणार, आणि मी न् नितीन गाड्या बदलत जाणार. सुरुवातीला मी डिझेल घेतलं. बसल्या बसल्या स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवते, पण गाडी वेग धरू लागली की ती विसरायला होते. या इंजिनाची खरी मजा आरपीएमच्या, म्हणजे मिनिटातल्या फेऱ्यांच्या, खालच्या आकड्यांवर आहे. चौथ्या गिअरमध्ये, काटा दोन हजाराच्याही खाली असताना नुसतं पेडल टेकवलं तरी मागून कोणीतरी ढकलावं तशी ती सरकते. गिअर बदलायचे कष्ट नाहीत. धमतरीच्या रस्त्यावर धानाने लादलेले ट्रॅक्टर सारखे आडवे येत होते, पण मला एकदाही घाई करावी लागली नाही. कुरूद यायच्या आधीच आई झोपली.

धमतरीला नाश्ता केला. गरम आलूगुंडे, म्हणजे आपले बटाटेवडे, मिरचीची भजी आणि पोहे, तिघांचे मिळून दीडशेच्या आत. आईने पोह्यांचा एक घास घेतला आणि प्लेट नितीनकडे सरकवली.

"पोहे चांगले आहेत, नितीनराव. पण तर्री नाही तं मले ते आजाऱ्याचं खाणं वाटते."

"आई, आप भी ना," रायपुरातच वाढलेला नितीन हसला आणि दोन्ही प्लेटा संपवल्या.

कांकेरला किल्ल्या बदलल्या. पेट्रोलचं इंजिन सुरू झाल्यावर मी दोनदा काटा बघितला, खरंच सुरू झालंय ना म्हणून. इतकं शांत. खालच्या आकड्यांवर मात्र ते जरा आळशी आहे. पेडल दाबल्यावर टर्बो जागा व्हायला क्षणभर लागतो, आणि मग एकदम सगळं एकाच वेळी येतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं आणि पुन्हा पेंगत असलेली आई खडबडून जागी झाली.

पुढे केशकालचा घाट लागतो. चार-पाच किलोमीटरचाच आहे, पण वळणं अशी की समोरून लोहखनिजाचा ट्रक आला की थांबूनच घ्यावं. घाटात तेलीन मातेचं देऊळ आहे, आणि इथे थांबल्याशिवाय सहसा कोणी पुढे जात नाही. आम्हीही थांबलो. पुजाऱ्याने प्रसाद आणि टिळा आधी गाडी चालवणाऱ्याला दिला, तशीच रीत आहे म्हणे. मला टिळा लावला तेव्हा आई बाजूला उभी राहून बघत होती. तिला बरं वाटलेलं चेहऱ्यावर दिसत होतं.

घाटात पेट्रोल गाडीने माझं मन जिंकलं. नाक हलकं, त्यामुळे वळणावर ती हात वळेल तशी वळते. दुसऱ्या गिअरमध्ये काटा वर जातो तसा इंजिनाचा आवाज बदलतो, आणि पुढचं वळण कधी येतंय असं होतं. मागे डिझेलमध्ये नितीन आरामात येत होता. वर पोचल्यावर तो म्हणाला, "मैंने तो एक बार गिअर बदला, बस." त्याचंही बरोबर होतं. मी सतरा वेळा बदलला असेल, पण मला तेच हवं होतं.

घाट संपून कोंडागावचा सरळ रस्ता लागला. पुढे एक ट्रक होता आणि मी सवयीने त्याच्यामागून चालले होते.

"त्याच्या मागं काहून चालून राहिली?" आई म्हणाली. "रस्ता तं मोकळा आहे."

मी पुढचं पाहून घेतलं, एक गिअर खाली आणला आणि ट्रक मागे टाकला. आईने दाराची कडी घट्ट धरली होती. मी विचारलं, भीती वाटली का?

"वाटली ना. वाटू दे. पुढचा बी येऊन राहिला बघ."

जगदलपूरला दोन रात्री राहिलो. स्वच्छ खोली दोन हजारांत मिळाली. आठवडी बाजारात नितीनने लाल मुंग्यांची चापडा चटणी चाखली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि पुन्हा मागितली. चित्रकोटच्या धबधब्याला सकाळी लवकर जा. आम्ही गेलो तेव्हा इंद्रावती नदी अजून भरलेली होती आणि खालून तुषार वरपर्यंत येत होते. आई कठड्याजवळ बराच वेळ उभी राहिली. मी तिला स्वेटर घाल, पाणी पी, तिथे घसरशील, असं काहीबाही सांगत होते. ती पाण्याकडेच बघत होती.

परतीला कांकेरला पुन्हा टाक्या भरल्या. डिझेलने लिटरमागे एकवीसच्या आसपास दिलं होतं. पेट्रोलने जेमतेम पंधरा, आणि त्याला माझा उजवा पाय जबाबदार होता. शिवाय आमच्याकडे डिझेल लिटरमागे सहा-सात रुपयांनी स्वस्त. पंपापुढे रस्त्याकडेला एक बाई टोपलीत सीताफळं घेऊन बसली होती. मी गोड आहेत का विचारलं.

"हव दीदी, खा के देख ले."

कांकेरच्या सीताफळांना खरं तर विचारायचं नसतं. झाडाखाली उभं राहून आम्ही खायला लागलो आणि नितीनने चिकट बोटांनीच मोबाईलवर आकडे मारले.

"देख, क्लियर आहे," तो म्हणाला. "डिझेल गाडी घेतानाच महाग. नुसतं सिलतरा धरलं तर तो फरक कधी भरून निघायचा नाही, वर काजळीची कटकट. पण महिन्याच्या दोन नागपूर फेऱ्या धरल्या की डिझेल पुढे जातं. म्हणजे नागपूर धरलं तर डिझेल, नागपूर काढलं तर पेट्रोल."

आईने तोंडातल्या बिया काढून पानावर ठेवल्या.

"मग नागपूर काढा ना."

"काढा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काढा. मी काय तुमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज आहो?"

मला वाटलं ती चेष्टा करतेय. करत नव्हती.

"तू येऊन काय करतेस, सांगू? शुक्रवारी थकून येतेस. शनिवारी माझं फ्रिज उघडून पाहतेस, गोळ्या मोजतेस, मले रागावतेस. रविवारी जेवली का पळतेस. अन् तू येणार म्हणून मी गुरुवारपासून घर झाडून राहते. माझं भजन बुडते, सुमनताईसोबतचं फिरणं बुडते."

मला राग आला आणि रडूही आलं. चार वर्षं मी तो रस्ता तुडवतेय, तोही पाठदुखीचा पट्टा लावून. नितीन अचानक टायरची हवा बघायला गेला.

"मग तू का येत नाहीस रायपूरला?" मी म्हटलं. "किती वेळा तर सांगितलं, येऊन राहा."

"राहा म्हणतेस. ये कुठं म्हणतेस? अन् आणायचं असलं का तू गाडी घेऊन दारात. मले सामानावानी उचलून आणता तुम्ही. तुह्या बाबांच्या मागं रेल्वेचा पास भेटते मले, दरवर्षी तसाच वाया जाते. गार्डाची बायको मी, मले का ट्रेनमध्ये बसता येत नाही?"

रेल्वेच्या घरातली मुलगी मी, आणि तिला ट्रेनने ये म्हणावं हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आईने एक पिकलेलं सीताफळ उचललं, फोडलं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

तर वाचकहो, निकाल. तुमचा नेमाने लांबचा प्रवास असेल तर डोळे मिटून डिझेल घ्या. सपाट रस्त्यावर ते इंजिन इतकं समजूतदार आहे की परत येताना माझंही मन डळमळलं होतं. रोज शहरात फिरणं आणि कधीतरी एखादा घाट, एवढंच असेल तर पेट्रोल, आणि मग अ‍ॅव्हरेजवरून कुरकुर करू नका. आम्ही पेट्रोल घेतली. नितीन अजूनही पंपावर उसासा टाकतो.

जानेवारीत मी आईला फोन करून "ये" म्हटलं. ती पासावर एकटी आली, एक पिशवी घेऊन, आणि आठ दिवस राहिली. मी तिच्या गोळ्या मोजल्या नाहीत. एकदा हात गेला होता डब्याकडे, पण मागे घेतला.

परत जायच्या दिवशी नव्या गाडीतून मी तिला स्टेशनवर सोडायला निघाले. आमच्या घरात ट्रेनच्या तासभर आधी फलाटावर हजर राहायचं हा नियम. बाबांच्या राज्यात कोणाची ट्रेन चुकली असं घडलेलं नाही, आणि त्यांच्या मागेही आईने तो नियम मोडलेला नाही. तेलघानी नाक्याच्या सिग्नलला थांबले तेव्हा तिने घड्याळ पाहिलं.

"नवा रायपूरचा तो मोठा, मोकळा रोड म्हणतात, तो कोणीकडं आहे?"

"उलट्या बाजूला. लांब आहे गं. ट्रेन सुटेल."

"सुटू दे," आई म्हणाली आणि सीटबेल्ट ओढून नीट केला. "दुसरी येते. तू वळव."