फ्यूजला लावलेलं कुंकू

नव्वदच्या दशकात पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी लेथची शेड होती. विमानविरोधी तोफेच्या गोळ्याच्या टोकाला फ्यूज बसतो; गोळा कधी फुटायचा ते तो ठरवतो. त्या फ्यूजचं पितळी कवच आम्ही कातून द्यायचो. हे काम मिळवताना मी इतकी घासाघीस केली होती, की मला पाहिलं की सरकारी दारूगोळा कारखान्याचे खरेदीवाले साहेब चहाऐवजी डोकेदुखीची गोळी मागवत.

आयुधपूजेला आई राजाजीनगरहून आली. लेथ, ड्रिल, माझी मोपेड, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. कोहळा फुटला. मी दारात चुरमुरे वाटत होतो, तोवर आईला तपासणीसाठी मांडून ठेवलेली कवचं दिसली.

“लेथ कसलं रे आयुध? खरी आयुधं तर ही,” म्हणत तिनं एकेकाला ओलं कुंकू लावलं. मालकाच्या आईला अडवणार कोण?

सुट्टी संपून इन्स्पेक्टर आला तोवर कुंकवाखाली पितळेवर काळे डाग धरले होते. त्यानं सगळा माल नाकारला. आता पदरचं पितळ घालून पुन्हा कातायचं, नाहीतर काम हातचं जाणार.

“सार, स्वल्प ॲडजस्ट माडी,” मी कानडीत गळ घातली, थोडं सांभाळून घ्या. “पुसून देतो.”

“नाही, अण्णा. डाग आत आट्यांपर्यंत गेलेत.”

बाहेर त्याची स्कूटर उभी होती. हँडलला झेंडूची माळ, हेडलाइटवर कुंकवाचा मळवट. मी भडकलो. “तुमची चालते ना कुंकू लावून?”

“ती आकाशात फुटत नाही.”

“तुमचे गोळे तरी कुठं लागतात? विमानाच्या मागं कापड बांधून सरावाला उडवता, एखादा लागतो, बाकीचे हवेत. इतका माल मी वाया घालवला तर बँक शेडला टाळं ठोकेल. आणि तुम्हाला माझं कुंकू महाग पडतं?”

“चुकलेला गोळासुद्धा वरच फुटावा लागतो, अण्णा,” तो शांतपणे म्हणाला. “नाही फुटला तर खाली येतो. खाली आपलीच माणसं असतात.”

यावर काय घासाघीस करणार? आम्ही पुन्हा कातलं. काम टिकलं, नफा गेला.

नाकारलेली कवचं ठोकून चपटी केली नि शिवाजीनगरच्या मोडवाल्याकडे नेली. डाग दाखवून तो भाव पाडायला लागला.

“अरे, वितळवणारच आहेस ना? मग डागाचं काय?”

“सरकारनं नाकारलेलं पितळ आहे, अण्णा. मला विचार करावा लागतो.”

त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. इन्स्पेक्टरनं निदान कारण तरी दिलं होतं.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. पूजेआधीच कवचं कोठीत ठेवली, कुलूप घातलं नि किल्ली खिशात टाकली. आईनं कोठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कुलपाला कुंकू लावलं.