नेहमी हरणाऱ्या सुमनताई

त्या दिवशीही सकाळी सात वाजता मी माझ्या लेकीचा, आर्याचा, श्वासाचा आकडा ग्रुपवर टाकला. दोनशे साठ. दम्याच्या पोरांच्या आम्ही दहा-बारा आया त्या ग्रुपवर आहोत आणि आकड्याखाली सुमनताईंचा अंगठा उमटला की आमचा जीव भांड्यात पडतो. साडेनऊ झाले तरी अंगठा नाही. आज बाईसाहेबांना सवड दिसत नाही, असं मी फोडणी देता देता चिडून म्हणालेसुद्धा. दहाला शिरूरहून दवाखान्यातल्या कंपाउंडरचा फोन आला. ताईंना पहाटे दम्याचा झटका आला, शेजाऱ्यांनी गाडी काढली, पण वाटेतच संपलं. मी विचारत राहिले, "दमा कुणाला?" तीनदा विचारलं. तो बिचारा तीनदा तेच सांगत राहिला...

सुमनताई माझ्या माहेरच्या, इनामगावच्या. शाळेत माझ्या चार वर्षं पुढे. पुढे शिरूरला मुलांच्या डॉक्टरांकडे नर्स म्हणून लागल्या त्या तिथल्याच झाल्या. मला दौंडला दिलेली, नवरा कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. आर्या सहा वर्षांची असताना तिची छाती वाजायला लागली, तेव्हा दौंडात डॉक्टर नाहीत का, असं सासरच्यांनी ऐकवलं. ऐकवू देत. मी दर दोन महिन्यांनी एसटीत बसून ताईंकडेच जायचे.

पोरांना पीक फ्लो मीटर फुंकायला लावायची त्यांची एक रीत होती. प्लास्टिकची वीतभर नळी, जोरात फुंकलं की तिच्यातला काटा पुढे सरकतो आणि सरकला तिथेच थांबतो. त्यावरून श्वास किती मोकळा आहे ते कळतं. पोरं घाबरायची, तोंड फिरवायची. मग ताई स्वतःची नळी काढायच्या, "आधी मी," म्हणायच्या आणि गाल फुगवून फुंकायच्या. त्यांचा काटा जेमतेम हलायचा. पोरगं ईर्ष्येने फुंकायचं आणि त्यांच्या पुढे जायचं. "हरले गं बया," म्हणत त्या कपाळाला हात लावायच्या आणि पोराच्या मनगटावर पेनाने चांदणी काढून द्यायच्या. बाकावर बसलेल्या आम्ही आया हसायचो. काय नाटकी बाई आहे, असं मीच एकदा शेजारणीच्या कानात म्हटलं होतं.

मला मात्र त्यांनी एकदा चांगलंच फैलावर घेतलं होतं. आर्या छान खेळत होती, खोकला नव्हता, काटाही चांगला जायचा, म्हणून रोजचा औषधाचा पंप मी महिनाभर बंद केला होता. दवाखान्यात तेव्हा नवीन यंत्र आलं होतं. त्यात हळू, एकसारखं फुंकून पडद्यावरचा फुगा हवेत ठेवायचा, मग श्वासनळ्यांच्या आत सूज किती आहे त्याचा आकडा येतो. आर्याने फुगा मजेत तरंगत ठेवला. आकडा बघून ताईंनी मला बाजूला नेलं.

"संगे, पंप कवा बंद केलास?"

"महिना झाला," मी म्हणाले.

"काटा सांगतो हवा कशी येती. सूज आत गुपचूप बसलेली असती. राखंखाली निखारा असतो ना, तसं. बरं वाटतंय म्हंजी बरं झालं, असं न्हाई."

त्या दिवशी एसटीत मी रडले आणि पुन्हा कधी पंप चुकवला नाही. माझी लेक आज धावते ती या बाईमुळे, हे मी कुठेही सांगेन.

दहाव्याला गेले तेव्हा डॉक्टर ओट्यावर बसले होते. "वीस वर्षं माझ्याशेजारी उभ्या होत्या, स्वतःच्या दम्याचं मला एकदाही बोलल्या नाहीत," एवढंच म्हणाले. ताईंच्या वहिनीने आत नेऊन कपाट दाखवलं. त्यात अर्धेमुर्धे वापरलेले पंप. "बरं वाटलं की बंद करायच्या. म्हनायच्या, माझं मला कळतंय." मग वहिनीने ताईंची ती फुंकायची नळी माझ्या हातात दिली. आर्यासाठी ठेव, म्हणाली.

काटा एकशे सत्तरवर होता. शेवटचं फुंकल्या तिथेच. पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा काटा चारशेच्या आसपास हवा, हा एकशे सत्तर! हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे धोका, हे ज्या बाईने मला शिकवलं, तिचा लाल आकडा मी तीन वर्षं समोरच्या बाकावरून बघत होते आणि हसत होते. आम्ही सगळ्याच हसत होतो. अजूनही भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना एकदम ते आठवतं आणि हात थांबतो...

आर्याला मी हे सांगितलं नव्हतं. परवा सकाळी तिने आपला आकडा लिहिला आणि फळीवरची ताईंची नळी बघत राहिली.

"आई, ताई मुद्दाम हरायच्या ना?"

मला हो म्हणता आलं नाही. नऊ वर्षांची पोर, पण तिला कळलं. मग तिने स्वतःची नळी धुऊन पुसली, काटा शून्यावर आणला आणि माझ्यापुढे धरली.

"आता तू फुंक. आन् खरं फुंक."

मी फुंकलं. तिने आकडा नीट बघितला आणि वहीत स्वतःच्या आकड्याखाली माझा लिहिला. आता रोज लिहिते. ताईंच्या नळीतला काटा मात्र आम्ही दोघींनीही हलवलेला नाही.