दिशाभूल करणारी सुविधा

आमच्या भात उत्पादक संघाच्या यंदाच्या अहवालात शेवटच्या पानावर एक ओळ छापली आहे. 'संकेतस्थळावरील दिशाभूल करणारी आलेख सुविधा बंद करण्यात आली.' ती वाचली आणि मला जेवण गेलं नाही. मी लिहिणारा माणूस नव्हे. घोरावाडी स्टेशनात तिकिटं देण्यात नोकरी संपली, पत्र लिहायचं तरी दोनदा खोडतो. हे कितपत जमेल, शंकाच आहे. पण जिनं ती सुविधा बनवली तिचं नाव अख्ख्या अहवालात कुठं नाही, आणि दिशाभूल हा शब्द मात्र तिच्या कामाला चिकटवून ठेवलाय. म्हणून बसलोय.

तिचं नाव ज्योत्स्ना ओव्हाळ. तिचे वडील प्रदीप रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये होते, दुपारचा डबा माझ्या खिडकीमागे बसून खायचे. ही पोर लहान असल्यापासून मला आबा म्हणते. कॉम्प्युटरचं शिकली, हिंजवडीत नोकरी केली. मग आई नंदाबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घराजवळ राहायला हवं म्हणून कामशेतला संघाच्या ऑफिसात आली. संघाची भाताची गिरणी आहे, बियाण्याचं दुकान आहे, आणि एक संकेतस्थळ होतं, ज्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं.

बघणार तरी कसं? त्यात तीन चार्ट होते, तेही फोटोसारखे. सर्व्हर महिन्यातून एकदा ते बनवून ठेवायचा. वर गाव निवडायची सोय होती, पण एक बटण दाबलं की अख्खं पान पांढरं पडायचं, सर्व्हरकडं जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून उघडायचं. तेवढ्यात माझा चहा व्हायचा.

सगळं पाडून नवीन बांधू, असं पुण्याहून आलेला एक जण सांगून गेला होता. ज्योत्स्ना म्हणाली, पाडायची गरज नाही. पान आधीसारखं सर्व्हरनंच बनवून पाठवावं, लॉगिन तेच राहावं. पानात फक्त एक चौकट मोकळी सोडायची आणि तिच्यात चार्ट बनवण्याचा कॉम्पोनंट बसवायचा. म्हणजे डावीकडे शब्द असतील: सभासद, वाडी, वाण, हंगाम, वजन. ज्याला जे बघायचंय त्यानं तो शब्द बोटानं ओढून उजवीकडे न्यायचा, की चार्ट तिथल्या तिथं तयार. पान हलत नाही.

पहिल्यांदा बसवलं तेव्हा मला बोलावलं. "आबा, ओढा."

मी 'सभासद' ओढला. पडद्यावर सगळ्या सभासदांच्या बारीक काड्या दाटीवाटीनं उभ्या राहिल्या.

"ही तर पेंढी झाली," मी म्हणालो.

"मग आता वाडी ओढा त्याच्या जागी."

ओढली. काड्यांच्या जागी मोजके ठसठशीत खांब आले. मला हसू आलं. या वयात मी काही चुकवलं आणि लगेच दुरुस्तही केलं, असं फारसं होत नाही.

दिसायला सोपं होतं, पण तिला ते सोपं गेलं नाही. आधी तो कॉम्पोनंट सर्व्हरकडून सगळ्या नोंदी मागवून घ्यायचा. ऑफिसात ठीक, पण तिकोणा पेठेकडे फोनला जेमतेम रेंज, तिथं नुसतं चाक फिरत राहायचं. मग तिनं बेरजा सर्व्हरकडेच करायला लावल्या. फोनवर नुसती उत्तरं जायची. कुणाचा खातेनंबर, फोन नंबर दुसऱ्याला दिसू नये याची तिला फार काळजी. मी म्हणालो, त्या पानावर लपवून टाक की. ती म्हणाली, "पडद्यावर लपवलेलं जाणता माणूस उघडून बघतो, आबा. ते सर्व्हरनं मुळात द्यायलाच नको." आणि एखाद्यानं बनवलेला चार्ट जपून ठेवला, तर त्याचं चित्र साठत नव्हतं; कुठला शब्द कुठं ठेवला एवढीच कृती साठायची. पुन्हा उघडला की आजच्या आकड्यांवर नव्यानं बनायचा, आणि तिथंच बदलताही यायचा. एवढं बारकाईनं केलेलं काम. संघाच्या पत्रकात छापून आलं: आता प्रत्येक सभासद आपला चार्ट स्वतः बनवू शकेल.

सगळ्यात आधी बनवला तो संघाचे सचिव अमृतराव यांनी. हुशार माणूस, बोलणं चटपटीत. त्यांनी मागचे तीन हंगाम घेतले, सभासद ओढला, वजन ओढलं आणि ज्यांच्या नावापुढे शून्य आलं ते सगळे लाल केले.

"ज्योत्स्ना मॅडम, सोनं केलंत," ते म्हणाले. "ही बघा आमची झोपलेली मंडळी. तीन हंगामांत गिरणीवर एक पोतं नाही. यांची नावं कमी करायचा ठराव घेऊ सभेत."

नाव कमी होणं म्हणजे मत गेलं, बियाणं गेलं, गिरणीवरचा हक्क गेला. ज्योत्स्नानं चार्ट नीट पाहिला. लाल नावांत बरीचशी एकाच उंबरवाडीची होती. आणि सगळ्यात उंच तीन काड्या, त्याही उंबरवाडीच्या.

"साहेब, यात काहीतरी चुकतंय. मी विचारून येते."

"चार्ट तुम्हीच केलात ना? मग आता तुमचाच त्याच्यावर विश्वास नाही?"

ती सुट्टीच्या दिवशी उंबरवाडीला निघाली. वाडी तिकोणा पेठेच्या पलीकडे, धरणाच्या अंगाला. माझी तिथल्या झुंबरबाईंशी जुनी ओळख, म्हणून मी स्कूटीवर मागे बसलो. झुंबरबाई पोती झटकत होत्या. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला चिंधी बांधलेली: काहींना हिरवी, काहींना पिवळी, काहींना लुगड्याच्या काठाची.

"मावशी, ह्या चिंध्या कशाला?" ज्योत्स्नानं विचारलं.

"कुनाचं पोतं कुनाचं, कळाया नको व्हय? आट घरांचं भात एकाच टेंपोत जातंय. ज्याची पाळी आसंल त्यो जातो, त्याच्या नावावर टोकन निघतं. पुढल्या साली दुसऱ्याची पाळी. आवनीला, रोपं लावाया, आमी एकमेकांच्या खाचरात उतरतो, मंग गिरनीला येगळं कशाला जायाचं?"

"म्हणजे यंदा तुमचं भात दुसऱ्याच्या नावावर गेलं?"

"यंदा आंबाजीच्या. माजी पाळी यायला आजून दोन वर्सं हायती."

"हे ऑफिसात कधी सांगितलं नाहीत?"

"कुनी इचारलं?"

येताना ज्योत्स्ना घाटात गाडी थांबवून म्हणाली, "आबा, टोकनाच्या फॉर्मात नावाची एकच जागा आहे. सोबत कुणाचा माल, ते भरायला जागाच नाही. मी चार्ट केला, पण फॉर्म बघितलाच नाही."

मला राग आला तो इथून. फॉर्म तिनं केलेला नव्हता. ती येण्याच्या कितीतरी आधीपासून तो तसाच होता, आणि त्याच्यावर रोज सह्या करणाऱ्यांतल्या एकालाही आपण तो नीट बघायला हवा होता असं वाटलं नाही.

तिनं अमृतरावांना सगळं सांगितलं. फॉर्मात एक जागा वाढवू, दोन दिवसांचं काम, आणि तोवर ठराव थांबवू. अमृतरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तीन हंगाम माल नाही तर नाव कमी, हा नियम सभासदाला आहे, वाडीला नाही. आणि सभेपर्यंत ते चार्टचं पान सभासदांना बंद करा. उगाच जो तो काहीतरी ओढत बसायचा."

"बंद करणं सोपं आहे, साहेब. सर्व्हरवरची एक परवानगी काढली की झालं. पण आपण पत्रकात खुलं म्हणून कळवलंय. सभा होऊ द्या, मग करते."

"तुमच्या घरी भात किती होतं हो, मॅडम?"

त्या माणसाला माहीत होतं. ओव्हाळांना गुंठाभर जमीन नाही, हे सगळ्या कामशेतला माहीत आहे. असा प्रश्न का विचारतात आणि कुणाला विचारतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या टेबलावरचे दोघं खाली बघून हसले. मी बियाण्याच्या पावतीसाठी तिथं उभा होतो. माझे कान तापले.

ती म्हणाली, "एक पोतंही नाही. म्हणून तर विचारायला गेले."

सभा सप्टेंबरात झाली. हॉल भरला होता. उंबरवाडीची मंडळी मागच्या खुर्च्यांवर. ज्योत्स्ना लॅपटॉप घेऊन कडेला, आणि पडद्यावर अमृतरावांचा चार्ट, लाल नावांसकट.

"मंडळी, हे मी म्हणत नाही," अमृतराव म्हणाले, "हे आकडे म्हणतायत. चार्ट खोटं बोलत नाही. ज्यांना संघ नको, त्यांना संघानं का ओढत न्यायचं?"

टाळ्याही पडल्या. मग मागून झुंबरबाई उठल्या.

"सायेब, त्यात माजं नाव कुटं हाय?"

"खाली बघा मावशी. लाल."

"लाल म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही भात पिकवत नाही."

हॉल हसला. झुंबरबाई पण हसल्या. "मंग मी कंबर कशात मोडून घेतली, ते तरी सांगा. आगं पोरी, तुज्या त्या मशिनीत वाडीचं निघतं म्हनतेस न्हवं? काढ की."

ज्योत्स्नानं अध्यक्षांकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली. तिनं सभासद काढला आणि त्याच जागी वाडी ओढली, जशी मला ओढायला लावली होती. उंबरवाडीचा खांब दरवर्षी तेवढाच, आणि चांगला उंच. मग तिनं वाडीच्या खाली सभासद आणि हंगाम असे लावले, तर प्रत्येक हंगामात एकच नाव, आणि दरवेळी वेगळं. एवढंच तिनं केलं.

"आबा, हे खरंय का?" अध्यक्षांनी मला विचारलं, कारण मी पुढच्याच रांगेत होतो. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. "खरं आहे. आठ घरं पाळीनं एकाच्या नावावर आणतात. पोत्यांच्या चिंध्या बघितल्यात मी," एवढं म्हणालो आणि बसलो.

अध्यक्षांनी ठराव मागे घेतला. आठ घरं सभासद राहिली. आणि तेव्हा अमृतराव माइकवरून म्हणाले, "चार्टचं काय हो, कसाही फिरवता येतो. असल्या गोष्टींनी सभेची दिशाभूल होते."

हे वाक्य मी अजून गिळू शकलेलो नाही. तोच चार्ट, तेच आकडे. त्यांनी ओढला तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. एका बाईच्या सांगण्यावरून या मुलीनं ओढला, की दिशाभूल? त्यांच्या चार्टावर माणसांची नावं कापली जाणार होती, ती सूचना ठरली. तिच्या चार्टानं ती नावं वाचली, तर तो खोडसाळपणा ठरला. आणि सभेत कुणी उठून त्यांना विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात सुविधा बंद झाली, आणि ती बंद करायला लावली ज्योत्स्नालाच. पुन्हा ते तीन फोटो आले. फॉर्मात जागा वाढवायचा विषय तिनं दोनदा काढला, बघू, म्हणाले. डिसेंबरात तिचा करार संपला, तो पुढे वाढवला नाही. आता ती तळेगावला एका कारखान्याच्या ऑफिसात जाते. तिथंही असलंच काम करते. मी विचारलं तर म्हणते, बरं चाललंय.

ती असतानाच, नोव्हेंबरात, गिरणी सुरू झाली होती. माझी चार पोती घेऊन गेलो तर फाटकापासून हमरस्त्यापर्यंत गाड्या. पुढं जाऊन बघतो तर उंबरवाडी आलेली. आठ घरं, आठ गाड्या. कुणाचा टेंपो भाड्याचा, कुणाची रिक्षा, एकाची तर मोटारसायकल, मागे दोन पोती दोरीनं आवळलेली. आठ टोकनं, आठ वजनं. गिरणीचा माणूस घामाघूम. अमृतराव खिडकीतून ओरडत होते.

"अहो, सगळं एका गाडीत आणायला काय झालं होतं तुम्हाला?"

झुंबरबाई टेंपोच्या फाळक्यावर बसल्या होत्या. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मंग आमी तुमच्या चार्टात दिसायचं कसं, सायेब? पुन्यांदा लाल व्हायाचं न्हाई आमाला."

रांगेतले हसले. मला हसू आलं नाही. ते भाडं त्या घरांना परवडणारं नव्हतं, आणि पाळी त्यांनी हौसेनं मोडली नव्हती. त्यांच्या पोत्यांना चिंध्या तशाच बांधलेल्या होत्या. एका गाडीत एकाच घराचं भात, तरी प्रत्येक पोत्याच्या तोंडाला त्या घराच्या रंगाची चिंधी. सवय होती, दुसरं काय.

खिडकीच्या आत, टोकनं काढायला बसवलेली ज्योत्स्ना कॉम्प्युटरपुढं होती. तिनं एकदा रांगेकडं बघितलं आणि पुढचं टोकन काढलं. माझा नंबर आला तेव्हा तिला नाव सांगितलं. सोबत कुणाचा माल आहे का, हे विचारायला फॉर्मात तेव्हाही जागा नव्हती. ती आजही नाही.