खैतानचे ऑलरनशॉ

नझीर ऑलरनशॉ यांचा जन्म दाभोळ खाडीकाठच्या पांगारवाडीचा. गेली बत्तीस वर्षे ते कुवेतमध्ये वफ्राच्या शेतांवरील पाण्याचे पंप दुरुस्त करतात आणि खैतानला राहतात. त्यांचे कागद हाती घेणारा प्रत्येक कारकून नाव वाचून एकदा चेहरा निरखतो.

त्यांचे पणजोबा आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकीत. बोटीवर जाणारा माणूस त्याच्या कप्तानाच्या नावाने ओळखावा, अशी मोहल्ल्याची रीत होती. ‘कोणाचा माणूस?’ हा तिथला पहिला प्रश्न. इतरांची ती ओळख बोटीबरोबर संपली. पणजोबांची ‘ऑलरनशॉ’ ही ओळख मात्र मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर चढली आणि मूळ आडनाव हरवले. नझीरभाईंनी तिच्यावर आणखी एक मजला चढवला होता: कप्तान लॉर्ड घराण्यातला होता, विलायतेत त्याचा राजवाडा होता. त्या बढाईने कोणाचे काही बिघडत नव्हते, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होईपर्यंत.

लुबना आणि जहीर यांनी एकमेकांना पसंत केले होते. जहीरची आई मुमताज घर पाहायला आली.

“नझीरभाय, पोरगी मला आवडली. पण ह्या लॉर्डाशी तुमचं नातं काय? उद्या लोक विचारतील, मी काय सांगू?”

उत्तर ऐकायला पुढच्या शुक्रवारी येते म्हणून ती उठली.

लुबनाने त्या आठवड्यात आडनावांच्या इतिहासाचा एक ग्रंथ शोधून वाचला.

“अब्बा, नो राजवाडा. इंग्लंडच्या डोंगराळ भागात आल्डरच्या झाडांची एक राई होती. तिथनं आलेला माणूस ऑलरनशॉ. दॅट्स ऑल.”

“म्हणजे?”

“म्हणजे आपला माडबनकर!”

नझीरभाईंना उसन्या प्रतिष्ठेची गरज भासावी, यात त्यांच्यापेक्षा अधिक दोष त्या समाजाचा आहे, ज्यात श्रमाला वंशावळ मिळत नाही. तरीही त्यांनी स्वतःला सूट दिली नाही.

शुक्रवारी ते म्हणाले, “आपा, राजवाडा मी बांधलेला. पणजोबा कोळसा टाकायचे. कप्तानाशी नातं तेवढंच. तोही गावावरनंच नाव घेतलेला माणूस.”

“अगो बाई! साहेबांच्यातपण ‘कर’ असतात?” मुमताज हसली. “आणि तुम्ही कुठले?”

“पांगारवाडीचे. मशिदीमागचं घर, दारात फणस.”

“मग हे आधी नाही सांगायचं? माझी मावशी तिथंच दिलीय!”

तिने लुबनाच्या तोंडात साखर घातली. नझीरभाईंनी संकोचून विचारले, “पत्रिकेवर आडनाव गाळू का?”

“कशाला? लॉर्डाला जाऊ द्या. कोळसेवाल्याचं नाव राहू द्या.”