पट्टीकाकांची बोटं

इंजिन बोअरिंगच्या दुकानात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. पट्टीकाका म्हटलं की पुरे. मोटरसायकलचं इंजिन झिजलं, धूर ओकायला लागलं, की मेकॅनिक सिलिंडर त्यांच्यापुढे आणून ठेवत. काका तो मशीनवर आतून किंचित मोठा करत आणि त्यात वाढीव मापाचा नवा पिस्टन बसवत. सगळी मेख पिस्टन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत असते. केसापेक्षा बारीक फट. जास्त झाली तर पिस्टन आत खडखडतो. कमी पडली तर तापून फुगलेल्या पिस्टनला जागा उरत नाही, तो भिंतीला धरतो आणि चालत्या गाडीचं चाक जागीच आवळलं जातं.

फट मोजायला दुकानात डायल होता. काका तो वापरतही, पण शेवटचा शब्द त्याचा नसे. पिस्टन सिलिंडरमध्ये उलटा सोडून ते त्याच्या कडेने पोलादाची पातळ पट्टी सरकवत आणि डोळे मिटून, दोन बोटांत धरून, हळूच बाहेर ओढत.

"तेल लावलेल्या केसांतून फणी येते ना, तशी आली पाहिजे. अडकायची नाही, घरंगळायचीही नाही."

"काका, त्या डायलला आता पेन्शनीत काढा," शेजारचा लेथवाला म्हणायचा.

"पेन्शन कसली? तो कामावर होता कधी?"

फणीची उपमा त्यांना घरातच सापडली होती. बायको सकाळच्या पाळीला जायची तेव्हा मुलीची वेणी तेच घालत. ती मुलगी आता लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेई, वडिलांनीच निवडून दिलेल्या जुन्या मोटरसायकलवर. काकांना साखरेचा आजार होता. महिन्याच्या महिन्याला ती स्वयंपाकघरात त्यांचं बोट धरून सुई टोचायची.

"टोचलं पण. कळलं तरी का?"

"छे! तुझा हातच हलका."

हे वाक्य तिने साऱ्या लॅबभर सांगितलं होतं. आधीआधी ते खरंही होतं. मग हळूहळू बोटांच्या टोकांवर कुणी मेण ओतावं तसं झालं. सदऱ्याची बटणं बायको लावू लागली. "लाड करून घ्यायचं वय आहे का हे?" असं पुटपुटत लावायची आणि पुढे काही विचारायची नाही. काकांनीही सांगितलं नाही. सुई टोचताना ते मुलीच्या हाताकडे बघत राहत आणि नेमक्या वेळी म्हणत, "हलका हो, अगदी हलका."

तिच्या गाडीचा पिस्टन झिजला तेव्हा सिलिंडर साहजिकच काकांकडे आला. त्यांनी तो आतून जपून कापला, घासून गुळगुळीत केला, पुसला. डायलचा काटा हवा तिथे आला नव्हता. फट एका रेघेने कमी दाखवत होता. काकांनी पट्टी घातली, डोळे मिटले, ओढली. लोण्यातून यावी तशी आली. अशा वेळी आजवर पट्टीच खरी ठरली होती. "काट्याला काय कळतंय," म्हणत त्यांनी डायल पेटीत ठेवला.

गाडी उतारावर असताना पिस्टनने धरलं. मागचं चाक आवळलं, ती फरपटत कडेला गेली. डावं मनगट मोडलं. आणखी काही झालं नाही, असं सगळे म्हणत होते.

"तेल बघितलं नसेल हिने," आई करवादली. "रोज सांगायचं का?"

"नव्हतंच बघितलं," मुलगी म्हणाली. "माझंच चुकलं. बाबांनी केलेलं इंजिन का धरेल?"

काका पाणी प्यायला उठले आणि पेला हातातून सुटला.

सिलिंडर दुकानात आला. भिंतीवर पिस्टनचे ओरखडे होते, जिथे पट्टी लोण्यासारखी आली होती नेमके तिथेच. काकांनी त्यावरून बोट फिरवलं. बोटाला भिंत गुळगुळीतच लागली.

पुढच्या मापाचा पिस्टन आणून त्यांनी तो पुन्हा कापला. या खेपेला काटा बरोबर रेघेवर आला. काम तिथेच संपायला हवं होतं. पण पट्टीने होकार दिल्याशिवाय त्यांच्या हातून सिलिंडर कधी गेला नव्हता, आणि पट्टी आता प्रत्येक गोष्टीला होच म्हणत होती. दुपारी मुलगी डबा घेऊन आली, हात गळ्यात बांधलेला.

"झालं? प्लास्टर निघालं की लगेच फिरवते."

"जरा ही ओढ बरं." काकांनी पट्टी तिच्यापुढे धरली.

तिने ओढली. "आली."

"कशी आली?"

"आली म्हणजे आली, बाबा. कशी काय?"

"फणीसारखी? कुठे धरत नाही ना? नीट सांग."

"तुम्हीच बघा ना. मला यातलं काय कळतंय?"

काका सिलिंडरकडे बघत राहिले. लेथ थांबला होता. "मला लागत नाही," ते म्हणाले. "पट्टी बोटांना लागत नाही. मागच्या खेपेलाही लागली नव्हती. काटा कमी दाखवत होता, मी ऐकलं नाही. तुझं तेल बरोबर होतं."

तिने पट्टी खाली ठेवली. मग तिने त्यांचं बोट हातात घेतलं, दर महिन्याला घ्यायची तसंच, आणि नखाने टोक दाबलं. जोरात. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"सुई?" तिने विचारलं. "म्हणजे माझा हात..."

"हलकाच आहे," काका घाईघाईने म्हणाले.

तिने बोट सोडलं. पट्टी पुन्हा आत सरकवली आणि डोळे मिटून ओढली, ते ओढायचे तशी. मग पुन्हा एकदा.

"नाही सांगता येत, बाबा," ती म्हणाली. "शीर कशी सापडते तेही मला कुठे सांगता येतं कुणाला?"

"परत ओढ," काका म्हणाले. "सावकाश ओढ."

ती ओढत राहिली, आणि ते तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिले, पट्टी कुठे अडतेय ते तिथे तरी दिसेल म्हणून.